रॉ एडिटर आणि एआय ऑटो-अ‍ॅडजस्टमेंट सोबत वापरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात लग्नाचा सीझन सुरू झाला की, रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग-गुलालाची मिरवणूक, झाली की आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे दिव्यांचे चित्ररथ, निघाल्या की त्याच त्याच प्रश्नांचे मेसेज यायला लागतात, एआयने फोटो बिघडवला, रंग उडाला, फाइल केवढी मोठी झाली वगैरे. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा सगळं इथे एका जागी ठेवतोय. रॉ म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरची कच्ची फाइल, आणि ती उघडून सुधारणारं लाइटरूमसारखं सॉफ्टवेअर म्हणजे रॉ एडिटर. आधी साधे प्रश्न आहेत, पुढे पुढे किचकट होत जातात.

माझ्याकडे लाइटरूम आहेच, मग एआयचं अजून एक सॉफ्टवेअर कशाला घ्यायचं?

सगळ्यांना नाही लागत. महिन्यातून एखाद्या रविवारी सिरपूर तलावावर पक्षी टिपून वीस-पंचवीस फोटो एडिट करणाऱ्याला काहीच गरज नाही, हाताने करा, मजा पण त्यातच आहे. पण एका लग्नाचे दोन-तीन हजार फोटो असतील आणि मुलीकडचे चौथ्या दिवसापासून फोन करत असतील तर विचार करा.

आता एआय म्हणून जे विकलं जातं त्यात तीन वेगवेगळी कामं आहेत, ती एकात एक मिसळू नका. एक, नॉइज, म्हणजे फोटोत दिसणारे दाणे, काढणारं, म्हणजे डीएक्सओ प्युअररॉ, टोपाझ किंवा लाइटरूममधलंच डीनॉइज. दुसरं, एक्स्पोजर (एकूण उजेड), व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगाचा तोल), टोन (गडद-उजळ भागांचा मेळ) आपोआप लावणारं, म्हणजे इमेजन, आफ्टरशूट ही मंडळी, ही लाइटरूमच्या कॅटलॉगमधले (फोटो आणि त्यांच्या बदलांची नोंदवही) स्लायडरच हलवून देतात. तिसरं, डेव्हलप केलेल्या फोटोवर वरून चमक चढवणारं, ल्युमिनार निओ, परफेक्टली क्लिअर, रेडियंट फोटो असं. एडिटरच्या जोडीला वापरताना हे तिसरं बहुतेक वेळा पिक्सेलच बदलून टाकतं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा फरक हाच, स्लायडर हलवलेला कधीही परत फिरवता येतो, बदललेला पिक्सेल नाही. खालची अर्धी उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

रॉवर आणि जेपेगवर एआय चालवण्यात एवढा काय फरक पडतो? दिसायला तर सारखंच दिसतं.

स्क्रीनवर सारखंच दिसतं, ओढाताण केली की फरक कळतो. जेपेग ८ बिटची असते, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. रॉ १२ बिट असेल तर ४०९६ आणि १४ बिट असेल तर १६३८४. ऑटो सॉफ्टवेअरला सगळ्यात जास्त आवडणारं काम म्हणजे शॅडो वर ओढणं, म्हणजे गडद भाग उजळ करणं, आणि जेपेगच्या शॅडोमधे पायऱ्याच कमी असल्यामुळे तिथे पट्टे आणि रंगाचे डाग येतात. शिवाय जेपेगमधे व्हाइट बॅलन्स कॅमेऱ्याने आधीच पक्का करून टाकलेला असतो, रॉमधे तो फक्त नोंद म्हणून असतो, कधीही बदला. जेपेगवर एआय चालवूच नये असं नाही, घरचे जुने फोटो असतील तर चालवा की, फक्त हात हलका ठेवा.

लाइटरूममधलं ऑटो बटण म्हणजे पण एआयच ना?

हो. २०१७ च्या डिसेंबरपासून ते बटण प्रोफेशनल लोकांनी एडिट केलेल्या फोटोंवर शिकवलेल्या न्यूरल नेटवर्कवर चालतं. एक्स्पोजर, कॉन्ट्रास्ट, हायलाइट, शॅडो, व्हाइट, ब्लॅक, व्हायब्रन्स (फिक्या रंगांचा जोर), सॅच्युरेशन (सगळ्या रंगांचा जोर) एवढं ते लावतं, व्हाइट बॅलन्सचं ऑटो वेगळं आहे, बऱ्याच जणांना वाटतं एकाच बटणात दोन्ही होतं.

लाइटरूम क्लासिकमधे एक सोय आहे जी फार कमी लोक वापरतात. शिफ्ट दाबून एखाद्या स्लायडरच्या नावावर डबल क्लिक केलं की फक्त तेवढाच स्लायडर ऑटो होतो. मी व्हाइट आणि ब्लॅक असेच लावतो आणि एक्स्पोजर स्वतः ठरवतो. वेगळं सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी महिनाभर हे वापरून बघा, कितीतरी जणांचं काम इथेच भागतं.

क्रम काय ठेवायचा? आधी एआय की आधी एडिटर?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि गोंधळही इथेच जास्त होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवातीला निवड, म्हणजे टाकाऊ फोटो बाजूला काढणं, नाहीतर डोळे मिटलेल्या फोटोंवर पण मशीन अर्धा तास घालवणार. मग ज्या फोटोंना खरंच गरज आहे त्यांचं नॉइज काढणं, आणि हे रॉवरच करायचं. डीएक्सओचं डीपप्राइम घ्या, सेन्सरच्या कच्च्या डेटापासून रंगीत चित्र बनवायचं काम आणि नॉइज काढायचं काम ते एकत्रच करतं, त्याला कच्चा डेटा मिळाला तरच ते नीट होतं. तुम्ही आधी टिफ, म्हणजे पिक्सेल पक्के झालेली तयार चित्राची फाइल, बनवून मग नॉइज काढायला दिलं तर तोपर्यंत नॉइज चित्रात मुरलेलं असतं आणि सॉफ्टवेअरला केस कुठला आणि दाणा कुठला हे ओळखणं जड जातं.

त्यानंतर रॉ एडिटरमधे व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर, लेन्सचं करेक्शन, क्रॉप. स्लायडर हलवणारं एआय वापरत असाल तर ते इथेच बसतं, ते आधी चालवा आणि मग तुम्ही तपासा. पुढे मास्क लावून, म्हणजे फोटोचा तेवढाच भाग निवडून, चेहरा, आकाश वगैरे. पिक्सेल बदलणारं सॉफ्टवेअर पाहिजेच असेल तर ते यानंतर, १६ बिट टिफवर. शार्पनिंग अगदी शेवटी, फोटो कुठे जाणार आहे ते बघून, कारण मोबाइलसाठीचं शार्पनिंग वेगळं आणि १२ बाय १८ च्या प्रिंटचं वेगळं.

पिक्सेलवालं सॉफ्टवेअर आधी चालवून मग व्हाइट बॅलन्स सुधारायला बसलात तर काय होतं ते टिफ लाइटरूममधे उघडून बघा, टेम्परेचरचा स्लायडर केल्व्हिनचे (उजेडाच्या रंगाचं माप) आकडे दाखवणं सोडून उणे १०० ते अधिक १०० दाखवायला लागतो. म्हणजे खरा व्हाइट बॅलन्स गेला, आता फक्त वरून रंगाची छटा चढवता येते.

दोन्हीकडून गेलेला फोटो भडक का दिसतो? चेहऱ्याच्या कडा पण चमकतात.

कारण एकच काम दोनदा झालंय. तुमच्या एडिटरने रॉ उघडतानाच एक प्रोफाइल (रंग आणि टोनची सुरुवातीची ठेवण) लावलेलं असतं, त्यात कॉन्ट्रास्ट असतो, वरून तुम्ही क्लॅरिटी (तपशिलाचा उठाव) आणि व्हायब्रन्स दिलं, आणि मग एआयवाल्याने तो फोटो कोरा समजून परत सगळं दिलं. भाजीत दोघांनी न विचारता मीठ टाकल्यासारखं.

म्हणून फोटो एआयकडे पाठवायचा असेल तर एडिटरमधे न्यूट्रल किंवा फ्लॅट प्रोफाइल ठेवा, क्लॅरिटी, डीहेझ (धुकं काढणारा स्लायडर), शार्पनिंग शून्यावर, हायलाइट फुटू देऊ नका, म्हणजे उजळ भाग कोरे पांढरे होऊ देऊ नका, बस. फोटो थोडा मरगळलेला दिसेल, दिसू द्या. परत आल्यावर फोटोशॉपमधे मूळ फोटोच्या वर एआयचा लेअर ठेवा आणि ओपॅसिटी ४०-६० टक्क्यांवर आणा. रंग बिघडला असेल पण उजेड आवडला असेल तर त्या लेअरचा ब्लेंड मोड ल्युमिनॉसिटी करा, रंग तुमचा राहतो आणि उजेड त्याचा येतो. मला ही युक्ती कुठल्याही प्रीसेटपेक्षा (साठवून ठेवलेल्या तयार सेटिंगपेक्षा) जास्त कामाची वाटते.

एआयकडे फोटो पाठवताना टिफ, जेपेग की डीएनजी? हार्ड डिस्क भरत चालली.

पिक्सेलवाल्याकडे १६ बिट टिफ, कलर स्पेस (फाइलमधे मावणाऱ्या रंगांची हद्द) प्रोफोटो आरजीबी. आता हिशोब बघा, २४ मेगापिक्सेलचा फोटो, तीन रंग, प्रत्येकाला दोन बाइट, म्हणजे कॉम्प्रेस न केलेली एक टिफ १४४ एमबी. पाचशे फोटो म्हणजे ७२ जीबी, फक्त मधल्या टप्प्यासाठी! म्हणून अख्खं लग्न या रस्त्याने पाठवूच नका, अल्बमच्या मुख्य पानांचे तीस-चाळीस फोटो पाठवा. बाकी सगळं स्लायडरवाल्या एआयने करा, तिथे नवीन फाइल बनतच नाही.

प्युअररॉसारखी सॉफ्टवेअर लिनिअर डीएनजी, म्हणजे अर्धी शिजवलेली रॉ, देतात, ती मूळ रॉपेक्षा बरीच मोठी असते पण तिच्यात व्हाइट बॅलन्स मोकळा राहतो, त्यामुळे ती जागा वाया जात नाही. लाइटरूमचं डीनॉइज पण आधी वेगळी डीएनजी बनवायचं, नव्या व्हर्जनमधे तसं राहिलं नाही, अपडेट करून घ्या. काम फायनल होऊन पैसे आले की मधल्या टिफ उडवा, पण मूळ रॉ कधीच उडवू नका.

लाइटरूममधे केलेलं एडिटिंग दुसऱ्या एडिटरमधे का दिसत नाही? एक्सएमपी फाइल तर बाजूलाच आहे.

एक्सएमपी म्हणजे फोटो नाही, ती सूचनांची चिठ्ठी आहे, आणि प्रत्येक एडिटर आपल्याच भाषेतल्या सूचना पाळतो. रेटिंग, कीवर्ड, कॅप्शन सगळ्यांना कळतं, पण लाइटरूमचा शॅडो ४० म्हणजे डार्कटेबल या दुसऱ्या रॉ एडिटरसाठी काही ठरलेली गोष्ट नाही, तो थोड्याशाच गोष्टी उचलतो. फाइलचं नाव पण वेगळं असतं, लाइटरूम फोटोच्या नावापुढे नुसतं एक्सएमपी लावतो, डार्कटेबल कॅमेऱ्याचं एक्स्टेंशन ठेवून त्याच्या पुढे लावतो. कॅप्चर वन या एडिटरचा तर हिशोबच निराळा. त्यामुळे एडिटर बदलायचा असेल तर एडिट केलेल्या कामाची टिफ किंवा जेपेग काढून ठेवा.

अजून एक, लाइटरूम क्लासिक बदल आपल्या कॅटलॉगमधे ठेवतो, एक्सएमपीमधे लिहायला त्याला सांगावं लागतं. फोटो निवडून कंट्रोल एस दाबा किंवा कॅटलॉग सेटिंगमधे आपोआप लिहायचं चालू करा. आणि स्लायडरवालं एआय चालवण्याआधी कॅटलॉगचा बॅकअप घ्याच.

माझी स्टाइल शिकणारं एआय म्हणतात ते खरंच शिकतं का?

शिकतं, पण तुम्ही जे खाऊ घालाल तेच. इमेजन, आफ्टरशूट यांना तुमचे आधी एडिट केलेले काही हजार फोटो लागतात, दोन-तीन हजारांच्या आसपास धरून चाला. तुम्ही अशा उजेडात अशा फोटोला किती एक्स्पोजर दिलं होतं हे ते बघतं.

गडबड कुठे होते, तर लोक पाच वर्षांचं सगळं काम एकदम टाकतात. पाच वर्षांपूर्वी तुम्ही सगळं नारिंगी करत होतात, आता नैसर्गिक ठेवता, मशीन दोघांची सरासरी काढतं आणि ती तुमची कुठलीच स्टाइल नसते. गेल्या वर्षभरातलं, तुम्हाला स्वतःला पटलेलं काम निवडा, दिवसा लॉनवरचं, रात्री हॉलमधलं, हळद, मिरवणूक, सगळे उजेड त्यात येऊ द्या. ब्लॅक अँड व्हाइट वेगळं ठेवा. आणि हो, पुढे एआयने लावलेल्या फोटोंमधे तुम्ही ज्या दुरुस्त्या कराल त्या परत शिकवता येतात, ते अधूनमधून करत राहा.

हळदीचे फोटो ऑटो केले की नवरी आजारी दिसते. काय करू?

हा प्रश्न आला की मला खरंच वाईट वाटतं कारण हळदीचा पिवळा हाच त्या दिवसाचा रंग आहे आणि सॉफ्टवेअर नेमका तोच पुसून टाकतं. ऑटो व्हाइट बॅलन्सला फ्रेममधे सगळीकडे पिवळं दिसलं की त्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, मग तो सगळं निळ्याकडे ढकलतो, हळद फिकी पडते आणि कातडी राखाडी होते.

पण एक लक्षात घ्या, थोडा पिवळा खरंच उजेडाचा असतो. मांडवाचं पिवळं कापड आणि झेंडूच्या माळा यांच्यावरून उजेड उसळून चेहऱ्यावर येतो. हे दोन पिवळे वेगळे करायला हळद लागण्याआधी त्याच जागी ग्रे कार्डचा (ठरावीक राखाडी रंगाचं कार्ड) एक फोटो घ्या, कार्ड नसेल तर कुणाच्या पांढऱ्या सदऱ्याचा किंवा धोतराचा. त्या फोटोवर ड्रॉपरने, म्हणजे एडिटरमधल्या रंग टिपणाऱ्या टूलने, क्लिक करून व्हाइट बॅलन्स घ्या आणि तोच त्या उजेडातल्या सगळ्या हळदीच्या फोटोंना सिंक करा. मग एआयला बाकी काय ते लावू द्या पण व्हाइट बॅलन्स त्याच्याकडून काढून घ्या, बहुतेक सॉफ्टवेअरमधे तेवढी टिकमार्क काढता येते. बरोबर जमलंय का हे बघायला मानेचा, हळद न लागलेला भाग बघा, तिथे कातडी नेहमीची दिसली पाहिजे आणि गाल पिवळाधमक.

एआय सगळ्यांना गोरं का करतं?

दोन कारणं. चेहरा सापडला की तो उजळ करायचा असं बऱ्याच सॉफ्टवेअरमधे ठरलेलंच असतं, आणि सावळ्या चेहऱ्याला ते कमी उजेडातला चेहरा समजतं. वरून स्किन स्मूथ केलं की गालावरचा सावळेपणाचा चढउतार जातो आणि माणूस मेणाचा दिसतो.

मी फेस लाइट, स्किन वगैरे सगळे स्लायडर शून्यावर ठेवून त्याचं प्रीसेट बनवून ठेवलंय आणि सुरुवात तिथूनच करतो. चेहऱ्यावर उजेड कमी असेल तर मास्क लावून एक्स्पोजर थोडं वाढवतो, पण शेजारी उभ्या माणसांशी ताडून बघतो, आजी नातीपेक्षा सावळी असेल तर फोटोत पण तशीच दिसली पाहिजे. ग्राहकाने गोरं करून मागितलं तर काय, असं विचारतात. मी नाही करत, त्यांना आधी नीट एक्स्पोजरचा फोटो दाखवतो, बहुतेक वेळा त्यांना तोच आवडतो कारण त्यात त्यांचा माणूस ओळखू येतो.

गेरच्या फोटोत गुलालाचे ढग डागांसारखे दिसतात.

राजवाड्यापाशी उडालेला गुलाल सॉफ्टवेअरला धुकं वाटतो! कॉन्ट्रास्ट कमी दिसला की ते डीहेझ लावतं आणि मऊ ढगाचे तुकडे तुकडे होतात. डीहेझ शून्य करा, उलट ढगावर मास्क लावून उणे पाच-दहा द्या, हवा परत येते.

दुसरा त्रास गुलाबी रंगाचा. गुलाबी, राणी रंगात लाल चॅनल सगळ्यात आधी फुटतो, एकूण हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसतो पण लाल शेवटच्या भिंतीला टेकलेला असतो. व्हायब्रन्स वाढवणारं ऑटो इथे बंदच ठेवा आणि एक्स्पोजर पाव-अर्धा स्टॉप खाली घ्या. व्हाइट बॅलन्ससाठी गेर सुरू व्हायच्या आधी लोक पांढऱ्या कुडत्यात उभे असतात तेव्हाच एक फोटो काढून ठेवा, नंतर पांढरं काही उरत नाही. पुढची पद्धत हळदीच्या उत्तरात आहे तीच.

सराफ्यातले, म्हणजे खाऊबाजारातले, रात्रीचे फोटो ऑटोने बेचव होतात.

होणारच, जिलबीच्या कढईवर पिवळा बल्ब, शेजारच्या दुकानात पांढरा एलईडी, ऑटो मधलं काहीतरी काढतं आणि जिलबी पण थंड दिसते. मी हाताने ३२०० ते ३८०० केल्व्हिनच्या मधे ठेवतो, पिवळा थोडा राहू देतो, आणि निळसर दिसणाऱ्या कोपऱ्यावर मास्क लावून तेवढाच गरम करतो. वाफेला डीहेझ नको, कारण गुलालाच्या उत्तरात दिलंय.

झांकीच्या फोटोत आडवे पट्टे आलेत, एआयने निघतील का?

नीट नाही निघत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि इलेक्ट्रॉनिक शटर त्याचे पट्टे पकडतं. काढतानाच मेकॅनिकल शटर आणि १/५० किंवा १/१०० चा वेग ठेवा, कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. आधीच आले असतील तर ब्लॅक अँड व्हाइट करून निदान रंगाचे पट्टे तरी जातात.

मराठी नाटकाचे फोटो काढतो, ऑटो केलं की मागचा अंधार राखाडी होतो.

रंगमंचावरचा काळोख हा प्रकाशयोजनेचा भाग असतो, हे सॉफ्टवेअरला कसं कळणार, त्याला वाटतं एक्स्पोजर कमी पडलं. मग ते शॅडो वर ओढतं, विंगेतलं नॉइज आणि मागच्या पडद्याच्या सुरकुत्या बाहेर येतात आणि स्पॉटमधला चेहरा जळतो. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या प्रयोगांना जाणारे एक-दोघं हे नेहमी विचारतात. एकच सांगतो, नाटकाला टोनचं ऑटो वापरू नका. नॉइज काढायचं एआय मात्र इथे सोन्यासारखं काम करतं, आयएसओ ६४०० चे (कमी उजेडात सेन्सरची संवेदनशीलता वाढवून काढलेले) फोटो बिनधास्त द्या, फक्त जोर अर्ध्याच्या आसपास ठेवा नाहीतर दाढीचे खुंट आणि पैठणीची जर दोन्ही पुसली जातील. ब्लॅकचा स्लायडर शेवटी थोडा खाली ओढा.

लॅपटॉप जुना आहे, चालेल का? आणि फोटो इंटरनेटवर चढतात का?

डीनॉइजसारख्या कामाला ग्राफिक्स कार्ड लागतं, नसेल तर एका फोटोला काही मिनिटं लागू शकतात, रात्री लावून झोपा. इमेजन क्लाउडवर चालतं, फोटोच्या लहान प्रती वर चढतात आणि सेटिंग परत येतात, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर पण जमतं. आफ्टरशूट तुमच्याच मशीनवर चालतं. लग्नाचे फोटो दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाणार असतील तर घरच्यांना आधी सांगा, करारात एक ओळ टाका, हे मी मनापासून सांगतो, लोकांच्या घरातले प्रसंग आहेत.

पैसे न घालवता काही होईल का?

होईल. डार्कटेबल आणि रॉथेरपी दोन्ही फुकट आणि ओपन सोर्स आहेत. रॉथेरपीमधे एक सोय आहे, रॉच्या आत लपलेल्या कॅमेऱ्याच्या जेपेगशी जुळणारा टोन कर्व्ह ते आपोआप लावतं, हे एआय नाही पण सुरुवात म्हणून फार चांगलं आहे. डार्कटेबल शिकायला वेळ लागतो, धीर ठेवा.

मोबाइलच्या रॉवर हे सगळं लागू होतं का?

अर्धवट. आयफोनचं प्रोरॉ, जे आयफोन १२ प्रो पासून आलं, ते लिनिअर डीएनजी असतं आणि फोनने अनेक फ्रेम जोडून नॉइज आधीच काढलेलं असतं. त्यावर परत डीनॉइज लावलं तर तपशील जातो, फायदा फारसा नाही. टोन आणि व्हाइट बॅलन्सचं वर लिहिलेलं सगळं मात्र चालतं.

लॅबमधून प्रिंट आल्यावर रंग वेगळेच, एआयचा दोष का?

बहुतेक वेळा नाही. प्रोफोटोमधली फाइल तशीच लॅबला किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर गेली की रंग मेलेले दिसतात. बाहेर देताना एसआरजीबी, म्हणजे सगळीकडे चालणारी कलर स्पेस, करून जेपेग द्या, लॅब स्वतःचं प्रोफाइल देत असेल तर ते वापरा, आणि स्क्रीनचा ब्राइटनेस फुल ठेवून एडिट करू नका, प्रिंट काळी येते.

स्पर्धेला एआय लावलेला फोटो चालतो का?

नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे, ते वाचा. ढोबळमानाने नॉइज, एक्स्पोजर, रंग हे बऱ्याच ठिकाणी चालतं, आकाश बदलणं, माणूस काढणं, नसलेलं काही बनवणं हे फोटोजर्नलिझम आणि निसर्गाच्या विभागात चालत नाही. अवघड जागा मधेच आहे, कारण काही सॉफ्टवेअरमधे टोन सुधारणारं बटण आणि आकाश बदलणारं बटण शेजारी शेजारी असतात, आणि शार्पनिंगचं किंवा फोटो मोठा करणारं एआय कधीकधी पंखात नसलेली पिसं बनवून देतं. पक्ष्याच्या फोटोला ते लावलं असेल तर १०० टक्के झूम करून मूळ रॉशेजारी ठेवून बघा. निवड झाल्यावर मूळ रॉ मागतात, म्हणून रॉ, त्याची एक्सएमपी आणि पाठवलेली फाइल एकाच फोल्डरमधे ठेवा, आणि डीनॉइजने बनवलेली डीएनजी म्हणजे मूळ रॉ नव्हे, कॅमेऱ्यातून निघालेली फाइलच द्यावी लागते.